सहा सूत जास्त

मथुराबाईंसमोर कुणी लांबी-रुंदी सांगितली आणि त्यांनी ती नजरेनं एकदा पडताळून पाहिली नाही, असं सोलापुरात अजून घडलेलं नाही. भाजीवाला म्हणाला की शेंग दोन फुटी आहे, तर बाई म्हणणार, एकवीस इंच, शेंडा धरून बावीस. भाकरी थापणार ती दहा इंची. नऊची झाली तर ती त्यांच्या ताटात, अकराची झाली तर नवऱ्याच्या. कुणी लेकीचं स्थळ सांगत आलं आणि मुलगी पाच फूट चार इंच म्हणालं, तर बाई पाण्याचा तांब्या पुढं करत विचारणार, चपलेसकट का चपलेशिवाय? भांडायच्या सुरात नाही हां. पंचांगातली तिथी विचारावी तसं.

हे आलं बापाकडून. बाप बार्शीच्या रस्त्यावर मैलकुली होता. मैलकुली म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. सरकारी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका गड्याच्या हवाली असायचा. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत खुरपायचं, दगडांना चुना लावायचा. पुढं मैल जाऊन किलोमीटर आले, दगडसुद्धा बदलले, पण गड्याचं नाव मैलकुली ते मैलकुलीच राहिलं. मथुरा चुन्याची बादली घेऊन बापामागं फिरायची. शाळेत गुरुजी मीटर शिकवायचे आणि घरी बाप आपला पाढा म्हणून घ्यायचा: बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, दोनशे वीस वारांचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. गुरुजींनी निरोप धाडला की हे आता परीक्षेत येत नाही. बापानं उलट निरोप धाडला, परीक्षेत न का येईना, रस्त्यात येतंय.

मोहोळकडचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर अजून दोन्ही घरांत सांगतात. मुलाच्या मामानं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग उंची विचारली. बाप म्हणाला, मध्यम. मथुरा खालची मान वर न करता म्हणाली, "पाच फूट पाऊण इंच." मामाला वाटलं, पोरगी आगाऊ दिसती. पण कोपऱ्यात बसलेला मुलगा, महिपती, जातीचा आणि हाताचाही सुतार. सुताराच्या हिशेबात इंचाचे आठ सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. आपल्या जन्मात त्यानं गिरणीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत कुणाला सहा सुतांची फिकीर करताना पाहिलं नव्हतं. त्यानं तिथंच मामाच्या बरगडीत कोपर मारलं आणि सोयरीक जमली.

लग्नानंतर दोघं सोलापुरात आली. भाड्याची खोली, तिच्या पुढ्यात पत्र्याचं शेड, शेडमध्ये महिपतीचं काम. दारं, खिडक्या, पलंग, पाट. पण नाव झालं ते चौकटींचं. त्याची चौकट भिंतीतल्या जागेत अशी जायची, जशी बांगडी सवयीच्या हातात. गवंडी म्हणायचे, महिपतराव, तुमची चौकट बसवायला आमची गरजच काय. महिपती मिशीवर हात फिरवून म्हणायचा, माझी टेप खरं बोलती.

आता ही टेप म्हणजे काय चीज होती तेही ऐका. पहिल्या कमाईतून घेतलेली पोलादी टेप, पिवळी, सोळा फुटी. वर्षाच्या आत तिचं तोंड, म्हणजे पुढची ती आकडी, कुणाच्या तरी शिडीखाली सापडून तुटली. पहिला इंच घासून घासून चांदीच्या नाण्यासारखा गुळगुळीत झाला. दुसरा असता तर त्यानं नवी आणली असती. पण नव्या टेपवर एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. महिपती म्हणायचा, दोन तोंडांच्या माणसाशी आणि दोन मापांच्या टेपशी आपलं जमत नाही. मग त्यानं सगळ्या सुतारांना ठाऊक असलेली तोड काढली. तुटकं टोक सोडून द्यायचं, एक इंचाच्या रेघेवर अंगठा दाबून तीच रेघ भिंतीला लावायची, आणि दुसऱ्या टोकाला जो आकडा येईल त्यातून एक कमी करायचा.

दुसऱ्या टोकाला मथुराबाई असायच्या. ज्याच्या घरी चौकट बसायची तिथं दोघं जायची. तो रेघ दाबून उभा राहायचा, ह्या पलीकडं जाऊन आकडा वाचायच्या, त्यातला एक काढायच्या आणि उरलेला मोठ्यानं सांगायच्या. पहिले काही महिने तो ओरडून विचारायचा, इंच काढला का? ह्या म्हणायच्या, काढला. मग त्यानं विचारायचं सोडलं. संसारात असं होतंच की. आमटीत मीठ घातलं का हे रोज कोण विचारतं? मग दिवस असे गेले की महिपतीच्या डोक्यातून तो इंचच निघून गेला. अंगठा आपला सवयीनं रेघेवर बसायचा, बायको आकडा सांगायची, शेडमध्ये येऊन तो घडीच्या लाकडी फुटानं सागवानावर खुणा करायचा. आकडा बरोबर यायचा म्हणून टेप खरी. मथुराबाईंनीही कधी आठवण केली नाही. दाराशी चपला काढाव्यात तसा त्या इंच काढायच्या. चपला काढल्याचं कुणी सांगत फिरतं का?

एवढं मात्र होतं की बाई माहेरी गेल्या की मापाची कामं थांबायची. महिपती म्हणायचा, दुसऱ्याच्या हातानं हात जुळत न्हाय. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं.

मोजण्यापलीकडंही बाईंचं डोकं चालायचं. एकदा एक पैलवान सहा फुटी पलंग सांगून गेला. बाई म्हणाल्या, सव्वासहा करा. माणूस उभा मोजतो खरा, पण झोपताना पाय ताणून झोपतो. पैलवान पलंग न्यायला आला, तिथंच त्यावर आडवा झाला आणि उठेचना.

अशी दुसऱ्यांची दारं उभी करता करता साठी जवळ आली आणि विजापूर रोडच्या पलीकडं त्यांची स्वतःची जागा झाली. अर्धा गुंठा. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, त्यातला अर्धा म्हणजे समोरून साडेसोळा फूट. एवढ्यात दोन खोल्या, एक जिना आणि पुढं दीड फुटाचा ओटा. ओट्यावर दोन फुटांचा छज्जा. दाराच्या एका हाताला घराचा कॉलम, दुसऱ्या हाताला जिन्याचा, दोन्ही काँक्रीटचे. बांधकाम हिंदुराव गवंड्याकडं, महिपतीचा जुना जोडीदार.

मथुराबाईंना त्या घराची फरशी कशी, रंग कोणता, ह्यातलं काही पडलेलं नव्हतं. त्यांना हवा होता उंबरा. शेकडो उंबऱ्यांच्या बाहेर टेपचं टोक धरून त्या उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या बायका हळदीकुंकू लावून आत जायच्या आणि ह्या पिशवी उचलून पुढच्या कामाला. आपला उंबरा, आपल्या नवऱ्याच्या हातचा, मुहूर्तावर बसलेला, आणि त्यावर पहिलं कुंकू आपलं, एवढंच त्यांचं मागणं होतं. वैशाखातला मुहूर्त निघाला. पूजेच्या गुरुजींनी सांगितलं, सकाळी दहाच्या आत. नंतर दोन महिने चांगला दिवस नाही, आणि भाड्याच्या खोलीच्या मालकानं तर महिनाअखेर रिकामी करा म्हणून सांगून ठेवलेलं.

माप घ्यायचा दिवस आला तेव्हा बाई बार्शीला होत्या, बहिणीच्या नातवाच्या बारशाला. काम थांबवायला वेळ नव्हता. मुलगा शिवराज टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, तो सुट्टीवर आला होता. महिपतीनं त्याला पलीकडं उभं केलं. उंचीचा प्रश्न नव्हता, ती महिपती नेहमी सात फुटी काठीनं घ्यायचा. रुंदीला टेप लागली. बापानं रेघेवर अंगठा दाबला, लेकानं आकडा वाचला, त्रेचाळीस. जे दिसलं ते सांगितलं, पोराची काय चूक? महिपतीनं रिवाजाप्रमाणं दोन सूत ढिलाई सोडली आणि पावणेत्रेचाळीस इंचांचा उंबरा कापला. आणि असा कापला, असा घोटला, की शेडमध्ये येणारा जाणारा त्यावरून हात फिरवून जायचा. वरच्या गणेशपट्टीवर त्यानं डाळिंबाची वेल कोरली. बाई बारशाहून आल्या, त्यांनी बघितलं आणि तडक स्वयंपाकाला लागल्या. त्या दिवशी सगळ्या भाकरी अकरा इंची झाल्या.

मुहूर्ताच्या सकाळी शेडमध्ये उंबऱ्याची पूजा झाली. हा महिपतीचाच नेम. शेडमधून उंबरा बाहेर पडायच्या आधी त्याला हळद लावायची, नारळ फोडायचा, आणि एकदा हळद लागली की त्या लाकडाला पुन्हा करवत लावायची नाही. गिऱ्हाइकांना तो बजावून सांगायचा, हळद लागल्यावर ते लाकूड ऱ्हात न्हाय, देव हुतंय. ह्या एका वाक्यावर त्यानं कित्येकांची 'जरा इथं कापून द्या की' ही विनवणी परतवली होती.

टेम्पोतून चौकट आली. गल्ली गोळा झालीच होती. शेजारची सावित्रम्मा, अक्कलकोटकडची, तोंडानं तिखट आणि हातानं सढळ, ती तर पहाटेपासून ओट्यावर रांगोळी घालून बसलेली. चार गड्यांनी चौकट उचलली, दाराच्या जागेला लावली, आणि ती काही आत जाईना. डावीकडून घातली तर उजवीकडं अडकली. उजवीकडून घातली तर डावीकडं.

महिपतीनं कपाळाचा घाम पुसला आणि हिंदुरावकडं बघितलं.

"तुझ्या कॉलमाला पोट सुटलंय."

"काँक्रीट फुगत न्हाय महिपतराव. लाकूड फुगतं."

"माझं लाकूड दोन उन्हाळे वाळलंय."

सावित्रम्मा मध्येच म्हणाली की कॉलम नाही, लाकूड नाही, तुम्हा दोघांची छाती फुगलीय, ती जरा खाली करा म्हणजे दार बसेल. लोक हसले. महिपती हसला नाही. त्याच्या चौकटीला अशी अडचण पहिल्यांदाच येत होती, आणि ती आली होती ती त्याच्याच दारात.

मथुराबाई तोवर जागेवरून हललेल्या नव्हत्या. त्यांनी डोळ्यांनीच आधी जागा मोजली, मग उंबरा मोजला, आणि त्यांच्या लक्षात आलं की उंबरा सहा सूत जास्त आहे. दोन सूत ढिलाईचे मिळवले की होतो बरोब्बर एक इंच. बाईंनी शिवराजला जवळ बोलावून विचारलं, त्या दिवशी बाबांना तू काय आकडा सांगितलास. तो म्हणाला, त्रेचाळीस, टेपवर तेच होतं. बाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की गुरुजींनी पोथीतून मान वर केली.

महिपती चिडला. इथं घर अडलंय आणि हिला हसायला सुचतंय. तेव्हा बाईंनी त्याच्या हातातली टेप घेतली, ओढली आणि ती गुळगुळीत रेघ त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"तुमी हितं धरता. मग फुडचा इंच कोण काढायचा?"

महिपती त्या रेघेकडं बघत राहिला. मग बायकोकडं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजी इतकी वर्सं तू काढत हुतीस?"

"मग काय टेप काढत हुती?"

हिंदुरावनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. शिवराज बिचारा माफी मागायला लागला तर बाईंनी त्याला गप्प केलं. तुझं बरोबर, ह्यांचं बरोबर, कॉलम बरोबर. चौकट तेवढी मोठी झाली. आता काय करायचं ते बोला.

बोलणी सुरू झाली. हिंदुराव म्हणाला, कॉलमला दोन्हीकडून थोडी छिन्नी मारतो. बाई म्हणाल्या, ज्याच्यावर घर उभं त्यालाच पहिल्या दिवशी छिन्नी? कुणी म्हणालं, चौकटीचे खांब रंधून घ्या. महिपती म्हणाला, खांब रंधता येतील, पण उंबऱ्याचं काय, तो टोकापासून टोकापर्यंत एकच तुकडा. शेजाऱ्यांतला एक हळूच म्हणाला, मग उंबऱ्यालाच जरा करवत... आणि महिपतीचं तोंड बघून पुढचं गिळून टाकलं. हळद लागलेली होती. दुसऱ्यांच्या दारात जो नेम तो मोडू देत नव्हता, तो स्वतःच्या दारात कसा मोडणार? तो ओट्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, मुहूर्त जाऊ द्या, दुसरा उंबरा करतो, दोन महिन्यांनी बघू.

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि पोथीला दोरी गुंडाळायला घेतली.

ती दोरी गुंडाळलेली बघून मथुराबाई पुढं झाल्या. त्यांनी कॉलमच्या तोंडावर हात ठेवला, ओट्यावरून नजर फिरवली, छज्जा बघितला. मग अगदी स्वयंपाकघरात डबा कुठल्या फळीवर ठेवायचा ते सांगावं तशा म्हणाल्या, "चौकट आत घालायचीच कशाला? बाहेरनं लावा."

कुणाला काही कळेना. बाईंनी समजावलं. दाराच्या जागेत नको. जागेच्या पुढं, ओट्यावर उभी करा. दोन्ही कॉलमांच्या तोंडाला टेकवून. जागा बेचाळीस इंच, चौकट पावणेत्रेचाळीस. म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन तीन सूत कॉलमावर बसेल. चौकटीचे खांब चार इंची आहेत, त्यांना कॉलमाशी धरायच्या लोखंडी पकडी मारायला मागं जागा कमी वाटत असेल तर बाजूनं मारा. दार आत उघडेल, मागं नऊ इंच भिंत मोकळीच आहे. ओटा दीड फूट, त्यातले उंबऱ्याला चार इंच गेले. वर छज्जा आहे, पाऊस लागत नाही. कडेनं गिलावा ओढला की झालं.

हिंदुराव मनात आकडे फिरवत होता. फिरवून झाले आणि म्हणाला, वैनी म्हणतात ते बसतंय. उलट आतून दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीत नऊ नऊ इंचांची कड मोकळी राहती, दिवा ठेवायला बरी.

महिपती मात्र उठेना. चौकट भिंतीत असते, भिंतीपुढं नसते, असं त्यानं आयुष्यात कुठं पाहिलं नव्हतं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, शास्त्रात उंबरा दाराशी असावा एवढं आहे, भिंतीत किती इंच आत ते लिहिलेलं नाही. तेवढ्यानंही महिपतीचं समाधान होईना, आणि खरं कारण मग त्यानं खाली बघत सांगितलं. सगळ्या सोलापुरात आपली चौकट बसती, आन् आपल्याच घराची बाहेर टांगलेली. लोक हसतील.

बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. आवाज हळू, पण गल्लीनं ऐकलाच.

"हसतील त्येंना सांगा, मथुरानं लावलीया. मला दोन म्हैनं थांबायचं न्हाय. उठा."

महिपती उठला. आणि एकदा उठल्यावर सुतार तो सुतारच. चौघांना त्यानं हुकूम सोडला, चौकट ओट्यावर आली, सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा लागला, हिंदुरावचं ड्रिल मशीन घरघरलं. उंबऱ्याखाली हळद, सुपारी, नाणं ठेवलं गेलं. सावित्रम्मानं रांगोळी पुसून जागा करून दिली आणि त्याबद्दल पाच मिनिटं कुरकुरही केली. दहा वाजायच्या जरा आधी चौकट उभी राहिली, कॉलमांना पाठ टेकून, डाळिंबाची वेल रस्त्याला दाखवत. आत असती तर ती वेल सावलीत गेली असती. आता सकाळचं ऊन थेट तिच्यावर.

गुरुजींनी मंत्र म्हटले. मथुराबाईंनी उंबऱ्याला कुंकू लावलं, पहिलं, दोन्ही टोकांना आणि मध्ये. मग उजवा पाय आत टाकला आणि आतून वळून त्या उभ्या राहिल्या. बाहेर सगळी गल्ली, आत त्या एकट्या. आजवर त्यांनी एवढी दारं पाहिली, पण ती सगळी रस्त्याच्या बाजूनं. उंबरा आतून कसा दिसतो ते त्यांनी नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, या. आधी सावित्रम्मा, मग शेजारणी, मग गडीमाणसं. शिवराजनं पेढे वाटले. एका बाईनं विचारलंच, चौकट अशी बाहेर का हो? सावित्रम्मानं परस्पर उत्तर दिलं, हे सुताराचं घर हाय, त्येचं दार म्होरं येऊन बोलवतंय. तुमच्याकडं हाय का असं?

सगळे आत गेले, चहा झाला, आणि महिपती अजून ओट्यावरच. ओळंबा लावायचा, मागं सरायचा, एक डोळा मिटून बघायचा, पुन्हा लावायचा. आतून बाईंनी हाक मारली की चहा निवतोय.

"आलो. डावीकडं सूतभर कललीया."

दुसऱ्याच्या घरी हे वाक्य आलं असतं तर बाईंनीच पाचर ठोकून घेतली असती. आज त्या जागच्या हलल्या नाहीत. कपावर बशी झाकत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. घर आपलं हाय."

महिपतीनं थोडा विचार केला. मग दोरी गुंडाळून ओळंबा पिशवीत टाकला, पिशवी ओट्यावरच ठेवली, चपला काढल्या आणि आपल्या घरात गेला.